केपांची चावी

निवडणुकीआधी परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. हरवलेल्या पाकिटाची तक्रार द्यायला मी रोह्याच्या ठाण्यात गेले, तेव्हा माझ्यापुढे एक म्हातारे शेतकरी ठासणीची बंदूक घेऊन उभे होते. ती रिकामी आहे हे लांबूनच कळावं म्हणून नळीच्या तोंडाला त्यांनी लाल चिंधी बांधली होती.

"केपा कुठंयत, बाबा?" हवालदाराने विचारलं. केप म्हणजे घोडा आपटला की ठिणगी देणारी तांब्याची इवलीशी टोपी.

"घरी. बंदूक आनि केप एका हातात आनायची नाय."

"एवढ्याशा टोपीला घाबरता?"

"व्हय. बंदुकीला सगळीच घाबरतात."

घरातली कुठली वस्तू कुठं आहे, याची मी यादी ठेवते. म्हणून दोघं बाकावर बसल्यावर मी त्यांना विचारलं, "घरी कुठं ठेवता त्या?"

ते चिंधीची गाठ चाचपत राहिले. "एकदा सादळल्या म्हनून मी चुलीच्या कडेला सुकत ठेवल्या. बायको जाळ घालायला बसली आनि केपा फुटल्या. तिचा उजवा डोळा गेला." गाठ पुन्हा आवळून म्हणाले, "आता डबी तिच्या ट्रंकेत, चावी तिच्याकडं. शेतात डुक्कर आलं तरी केप मागून घ्यावी लागते."

"देतात?"

"एक देते. आनि मी परत येईस्तोवर दारात बसून ऱ्हाते."