बिसाहिनचं उरलेलं वाक्य

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी शर्टाचं बटण तुटलं तरी सांगतो. तुम्हाला सांगून राहिलो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असाल, तर तेही बरंच आहे.

मी तसा कमी बोलणारा. वडील रेल्वेत होते, वर्ध्याकडून बदली होऊन रायपूरला आले आणि इथलेच झाले. त्यांच्याकडून दोन सवयी आल्या, घड्याळाकडे बघायची आणि गप्प बसायची. गप्प बसणं हा गुण आहे, असं मी फार वर्षं धरून चाललो. पण ज्या एका वेळी मी गप्प बसलो नाही, नेमके चार शब्द बोललो, त्याचंच तर हे —

थांबा. आधी गोदाम सांगतो. ते सांगितल्याशिवाय कळायचं नाही, आणि खरं म्हणजे ते सांगायला मला आवडतं.

गोल बाजारात भांड्यांचं जुनं दुकान, गुढियारीत त्याचं गोदाम, आणि गोदामाचा मॅनेजर मी. रायपूर राजधानी झालं, नव्या कॉलन्या उठल्या, आणि त्यांत राहायला आलेली माणसं गोल बाजाराच्या गर्दीत शिरेनाशी झाली. त्यांना भांडं फोनवर बघायचं, फोनवरच घ्यायचं. सेठजींचे जावई दिल्लीकडचे, नुकतेच धंद्यात आलेले. सगळे त्यांना तोंडावरही दामाद बाबूच म्हणत. त्यांनी एका मोठ्या साइटवर आमचा माल लावला. मग आमचे तीन ढीग झाले — एक दुकानाचा, एक धमतरी-महासमुंदच्या दुकानदारांचा, जे फोनवर ऑर्डर देत, आणि एक साइटचा. एका ढिगात कढया धूळ खायच्या आणि दुसऱ्या ढिगापाशी आम्ही कढई नाही म्हणून गिऱ्हाईक परतवायचो.

एके दिवशी चहा पिताना मला सुचलं. ढीग तीन काहून? माल एक ठेवायचा, दारं तीन. कोणत्याही दारानं भांडं गेलं की कॉम्प्युटरवरचा आकडा तिन्ही दारांवर एकदमच उतरला पाहिजे. तुम्हाला हे साधं वाटेल. मला त्या दिवशी चहा गिळवला नाही. चाळिशी उलटलेला माणूस मी, आणि शाळेतल्या पोट्ट्यासारखा खडू घेऊन फरशीवर रेघा ओढत होतो. पूजेची भांडी इथं, स्टील तिथं, जास्त खपाचा माल दारापाशी, बांधणीची टेबलं मधोमध. महिनाभर आम्ही रॅक सरकवले. दामाद बाबूसुद्धा बाह्या वर करून ढकलायला आले. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता — हे मात्र बायकोला सांगू नका.

रॅकांना नंबर दिले, तर माल काढणाऱ्या बायांना ते वाचता येईनात. तेव्हा बिसाहिन म्हणाली, पारा ठेवा ना साहेब, पारा सबला माहीत असतो. पारा म्हणजे मोहल्ला. ती अकरा वर्षं आमच्याकडे होती, मोजणीवर. आईबापांची आधीची मुलं जगली नाहीत, म्हणून हिला जन्मल्याबरोबर शेजारणीला खोटं खोटं विकून परत विकत घेतलेलं. बिसाहिन म्हणजे विकत घेतलेली. तिनं रायपुरातल्याच पाऱ्यांची नावं दिली. नव्या मालाची रांग नवापारा, पूजेची भांडी ब्राह्मणपारा, आणि न खपणारा जुना माल — बुढापारा. बाया हसून हसून खाली बसल्या. दुसऱ्या दिवशी एकीचाही हात चुकीच्या रॅककडे गेला नाही. दामाद बाबूंनी विचारलं, हे डोकं कोणाचं? मी नुसता हसलो.

ते तुम्हाला कबुलीसारखं वाटलं असेल. नाही, ते हे नव्हे. ते याच्यापुढे काहीच नाही.

बिसाहिन कोरीनं मोजायची. कोरी म्हणजे वीस. बोटांच्या पेरांवर अंगठा फिरायचा, ओठ हलायचे, आणि अकरा वर्षांत तिचा आकडा चुकल्याचं मला आठवत नाही. गुढियारीतले दुसरे गोदामवालेही मोठा माल उतरवायचा असला की तिला तासभर मागून न्यायचे. आणि ती सगळ्याला हव म्हणायची. हव म्हणजे हो — पण ऐकते आहे, यालाही हवच, आणि तुमचं चालू द्या, यालाही हवच. आम्ही तिची थट्टा करायचो. मी म्हणायचो, बिसाहिन, आज सूरज पश्चिम से निकला क्या? ती मोजता मोजता, मान वर न करता म्हणायची, "हव साहेब. तुमन कहिहौ त बुड़ती ले घलो निकल जाही." तुम्ही म्हणाल तर पश्चिमेकडूनही निघेल. अन् वरून, "मॅनेजर आय, सूरज के घलो परची काटही." सूर्याचीही पर्ची फाडेल हा.

पर्ची म्हणजे गेलेल्या मालाची चिठ्ठी, आणि तीन दारांचा हा सगळा खेळ त्या चिठ्ठीवरच उभा होता. माल बाहेर गेला आणि पर्ची कॉम्प्युटरवर चढली नाही, तर बाकीची दोन दारं नसलेलं भांडं विकत राहणार. ती चढवायचं काम माझं, म्हणून मी स्वतः लाल रंगानं भिंतीवर लिहिलं होतं — पहले परची, फिर माल. अक्षर माझं चांगलं आहे.

मग धनत्रयोदशी आली. भांड्यांच्या धंद्याचा तोच तर एक दिवस. आदल्या दिवशी दुपारी मी कॉम्प्युटरसमोर बसलो होतो आणि साइटवर पितळी गुंडांच्या ऑर्डरी येत होत्या. आपल्या आज्या पाणी भरायच्या, तेच गुंड, इकडे गुंडी म्हणतात. आता फ्लॅटवाले त्यांत झाडं लावतात म्हणे. लावू द्या. भिलाई, बिलासपूर, मग नागपूर — नागपूरची पहिली ऑर्डर आली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. गुढियारीच्या शेडमधलं भांडं नागपूरच्या घरात जाणार, आणि रस्ता मी आखलेला. आजही सांगताना हात शिवशिवतात. इतकं छान काही आपल्या हातून होऊ शकतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

तेवढ्यात दुकानाचा फोन आला, गुंड संपले, लगेच पाठवा. बिसाहिननं टेम्पोत भरले, मोजले, पर्ची घेऊन माझ्याजवळ आली. म्हणाली, "दू कोरी गइस साहेब." दोन कोरी गेल्या. चाळीस.

मी पडद्यावरची नजर काढली नाही. पर्ची घेतली, खिशात घातली, आणि म्हणालो —

हव.

बघा. अकरा वर्षं ज्या शब्दावरून तिची थट्टा केली, तोच. ऐकलं होतं का मी? कानावर पडलं होतं. त्याला ऐकणं म्हणतात का?

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधणीच्या टेबलावर ऑर्डरींचा गठ्ठा होता आणि नवापाऱ्यात एकही गुंड नव्हता. मुहूर्ताच्या दिवशी लोकांना माल आला नाही. त्यांनी जे लिहायचं ते लिहिलं, आणि त्या साइटनं ऐन दिवाळीत आमचा सगळा माल यादीतून काढून टाकला. सणासाठी बांधलेलं माझं तिसरं दार सणातच बंद झालं. धनत्रयोदशीच्याच दुपारी मी जेवायला घरी गेलो. बायको म्हणाली, "फ्रिजवर तुमचा कागद ठेवला हो, शर्ट धुवायच्या आधी काढला. काहून खिशात कोंबून ठेवता सगळं?" मी बघितलं. चाळीस गुंड. मी जेवलो नाही. पर्ची घडी करून पाकिटात ठेवली.

म्हणजे मला माहीत होतं. हे सांगून ठेवतो, कारण पुढं कधी माझं मलाच वाटायला नको की माहीत नव्हतं.

संध्याकाळी दामाद बाबूंनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं, बिसाहिनला आणि मला. बाहेर टेप ओढल्याचा करकर आवाज. टेबलावर त्यांचा फोन थरथरत होता. ते ओरडले नाहीत, चांगला माणूस. त्यांनी तिला विचारलं, "चालीस गुंडी की परची तुम्हारे पास थी?"

बिसाहिन खाली बघून, पदर तोंडाशी धरून म्हणाली, "हव… साहेब ला दे दे रेहेंव."

आता हे नीट ऐका. छत्तीसगढीतला ला आणि आपल्या मराठीतला ला एकच. साहेबला दिली होती — एवढं सरळ. मला ते माझ्या आईच्या भाषेत बोलल्यासारखं कळलं. पण हिंदी कानाला ला दे म्हणजे आणून दे. दामाद बाबूंच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, "क्या लाने को बोल रही है?"

किती वेळ होता माझ्याजवळ? एका श्वासाचा. तेवढा पुष्कळ होता. पाकीट माझ्या मागच्या खिशात होतं, पर्ची पाकिटात. माझी तीन दारं, माझी भिंतीवरची अक्षरं, नागपूरची ती ऑर्डर — हे सगळं माझंच राहावं असं मला वाटलं. दुसरं कारण नव्हतं. भीती होती म्हणालो तर ऐकायला बरं वाटेल, पण भीती नव्हती. लोभ होता.

मी म्हणालो, "हाँ बोल रही है."

तिनं मान वर केली. माझ्याकडे बघितलं. ती पुन्हा सांगेल असं मला वाटलं, आणि सांगावं असंही वाटलं — खरंच. ती म्हणाली, "हव." एवढंच. तो कोणता हव होता, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिला येऊ नको म्हणून सांगितलं गेलं. गुढियारीत बातमी लपत नाही, फक्त बदलते: बिसाहिनची मोजणी चुकली. मग कोणी तिला मोजायला बोलावीना.

आमचं तिसरं दार दिवाळीनंतर उघडलं. आज तर पाच दारं आहेत. फोनवर ऑर्डर दिलेलं भांडं गिऱ्हाईक गोल बाजारातून स्वतः उचलून नेतं, आणि आकडा सगळीकडे एकदम उतरतो. रॅकांची नावं तीच आहेत. दामाद बाबू नव्या माणसांना अजून सांगतात, ये साहब का दिमाग है.

मागच्या महिन्यात ती मला गुढियारीच्याच एका गोदामासमोर दिसली. रिकामी पोती झाडून घडी घालत होती. घडी घालताना अंगठा पेरांवर फिरत होता, ओठ हलत होते. कोणी सांगितलेलं नसताना ती मोजत होती. मी स्कूटर थांबवली, म्हणालो, "बिसाहिन, ओळखलं काय?"

"हव साहेब," ती म्हणाली, आणि विचारलं, "सूरज कोन डहर ले निकलत हे आजकल?" सूर्य कोणीकडून निघतो हल्ली?

स्कूटर सुरू केली आणि निघालो.

पर्ची माझ्याजवळ आहे, घडीवर फाटत आलेली. बिसाहिनचं अर्धं वाक्य मी दामाद बाबूंना सांगितलं. उरलेलं अर्धं — साहेबला दिली होती — ते त्यांच्यासमोर, आणि त्या गोदामांच्या रांगेत सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, मला सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.