काकूचा ग्वाल्हेरचा किल्ला

"सहल मंडळाची. सगळे मिळूनच जायचं, आणि मोठ्यांनी ठरवलं की 'का' विचारायचं नाही!" दिल्लीच्या द्वारकेत राहायला आलो तेव्हाच समोरच्या फ्लॅटमधल्या नानाकाकांनी हा नियम सांगितला. ते सोसायटीतल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. ग्वाल्हेरची सहल मंडळानं इतक्यांदा ठरवली, की सहल एकही नाही आणि किस्से मात्र ढीगभर!

किल्ला बघायचा होता नलूकाकूला, म्हणजे काकांच्या बायकोला. तिचं माहेर त्याच्या पायथ्याशी. "मुलींनी वर जायचं नाही म्हणायचे गं. एकदा वरून बघायचंय, आमचं अंगण केवढंसं दिसतं ते."

*

पहिली मीटिंग आमच्या हॉलमध्ये झाली. दोन तासांत नाश्ता, जेवण, संध्याकाळचा चहा, सगळं ठरलं. तारीख तेवढी राहिली!

*

पुढच्या वर्षी बस निघाली, ती पानिपतला. "आधी काला अंबच्या मराठा स्मारकाला नमस्कार, मग मौजमजा," काका म्हणाले.

"हरलो तिथं दरवर्षी जातो, आणि जिंकलेला किल्ला बघायला वेळ नाही!" मी म्हटलं.

काकू पदराआड हसली. काका चष्मा पुसत बसले.

*

मग शेजारच्या देशपांड्यांनी नवी गाडी घेतली. "वहिनी, चला, आपण चौघंच जाऊन येऊ!" काकूनं पहाटे उठून दशम्या केल्या. काका म्हणाले, "बाकीच्या मेंबरांना काय वाटेल?"

दशम्या आम्ही दोघींनी सोसायटीच्या बागेत खाल्ल्या. पाण्याच्या टाकीकडे बघत काकू म्हणाली, "चलो, उंच तर हीपण आहे!"

*

शेवटी मीच रेल्वेची दोन तिकिटं काढली. काकू चपला घालून दारात उभी. काका पेपरातूनच बोलले, "मंडळ असताना दोघीच बायका? बिल्कुल नाही."

मी तिचा हात ओढला. तिनं सोडवून घेतला. "राहू दे गं. पुढच्या वर्षी जाऊच की."

*

पुढच्या वर्षी तिचे गुडघे गेले. मंडळानं तोडगा काढला. "वहिनी, तुम्ही खाली बसमध्ये बसा. आम्ही वर जाऊन फोटो काढून आणतो!"

काकू म्हणाली, "खालून तर मी लहानपणीच बघितलाय."

*

काकू गेली. त्यानंतर काकांच्या हॉलमध्ये झालेल्या पहिल्याच मीटिंगमध्ये तारीख ठरली, बस ठरली, कुणालाच अडचण नव्हती. काकांनी भिंतीवरचा तिचा फोटो काढून माझ्या हातात दिला. "नलूची इच्छा पुरी करू. हा वर न्यायचा. तू धरायचास."

"मी येणार नाही."

"का?"

"फोटोचे गुडघे दुखत नाहीत, म्हणूनच तारीख मिळाली ना तुम्हाला?"

मी फोटो परत खिळ्याला अडकवला. हॉलभर माणसं बसली होती. पोह्यांची बशीसुद्धा कुणी उचलली नाही.