रंग उतरायची दहा मिनिटं

लेमविग गावात क्रेस्टेन नॉरबियेर्गला आडनावाने कोणी ओळखत नसे. रंगवाला क्रेस्टेन म्हटलं की बंदरापासून टेकडीवरच्या चर्चपर्यंत सगळ्यांना कळायचं. नगरपालिकेच्या गटार विभागात त्याने अडतीस वर्षं काढली. कुणाच्या तळघरात पाणी शिरलं की हा टेकडीवरच्या घरात जाऊन संडासात हिरवा रंग ओतायचा आणि खाली येऊन मॅनहोलशी घड्याळ घेऊन बसायचा. रंग किती मिनिटांनी आला, कुठल्या फाट्यातून आलाच नाही, एवढ्यावरून तो सांगायचा, "इथे खणा." आणि तिथेच नळ फुटलेला किंवा तुंबलेला निघायचा.

अशा माणसाची ऑक्टोबरात लघवी लाल झाली, आणि त्याने काय म्हणावं? बीट!

आता त्यालाही दोष कसा द्यायचा? रोज दुपारी काळ्या पावाचा तुकडा, त्यावर लिव्हरचं वाटण आणि वर व्हिनेगरात मुरवलेल्या बिटाच्या चार चकत्या. लहानपणापासून हेच जेवण. बीट खाल्लं की कधी कधी लाल होते, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक. संडास घासणारी त्याची बायको गुडरूनसुद्धा म्हणाली, "यंदाचं बीट फारच रंगतंय रे." दुखत काही नव्हतं. आठवडाभर लाल, मग पंधरा दिवस स्वच्छ, पुन्हा लाल. हिवाळा असाच गेला.

मे महिन्यात एका दुपारी तो पानावर बसला आणि म्हणाला, "गुडरून, बिटाच्या बरण्या संपून किती दिवस झाले गं?"

"झाले की तीन आठवडे. का? विकतची आणू? तुला ती फार गोड लागतात म्हणून आणली नाहीत."

"नको." त्याने ताट बाजूला सारलं. "आज सकाळी पुन्हा लाल झाली."

पाव कापता कापता गुडरूनचा हात थांबला. तिने सुरी खाली ठेवली, देवाचं नाव घेतलं आणि थेट फोनकडे गेली.

गावच्या तरुण डॉक्टरने लघवी तपासली, रक्त घेतलं आणि संगणकावर काही तरी भराभर टाईप केलं. "क्रेस्टेन, तुम्हाला आजच कॅन्सरच्या पॅकेजमध्ये घालतोय." तिकडच्या भाषेत तपासण्यांच्या या घाईच्या रांगेला आणि टपालाने येणाऱ्या पार्सलला एकच शब्द आहे.

"मी कुठलंच पार्सल मागवलेलं नाही," क्रेस्टेन म्हणाला.

डॉक्टर हसला नाही. गुडघ्यासाठी क्रेस्टेनला अकरा महिने थांबावं लागलं होतं. या वेळी चौथ्या दिवसाची तारीख मिळाली.

इस्पितळात टिल्डे नावाची तंत्रज्ञ होती, वयाने त्याच्या नातीएवढी. आधी लिटरभर पाणी प्यायला लावलं, मग हाताच्या शिरेत सुई बसवली. "तीन खेपांत फोटो काढायचे आहेत," ती म्हणाली. "पहिले नुसतेच. खडा असेल तर त्यात दिसतो. मग शिरेतून औषध सोडते. दीडेक मिनिटात ते मूत्रपिंडात भिनतं, तेव्हा दुसरे. मग दहा मिनिटं थांबायचं. औषध लघवीबरोबर दोन्ही नळ्यांतून मूत्राशयात उतरतं, तेव्हा तिसरे. वाट जिथवर भरेल तिथवर पांढरी दिसते."

क्रेस्टेन उठूनच बसला. "अगं पोरी, हे तर माझंच काम! तुमचा रंग हिरवा नाही का?"

"नाही हो, पाण्यासारखा आहे. आता आडवे व्हा. अंगात गरम गरम वाटेल, घाबरू नका."

तो आपल्या मॅनहोलांच्या तंद्रीत होता, शेवटचं वाक्य त्याने ऐकलंच नाही. पहिली खेप झाली. मग औषध सुटलं आणि घशातून निघालेली ऊब सरसर खाली कमरेशी येऊन थांबली. क्रेस्टेनला घाम फुटला. आपण चड्डीतच केली! बहात्तराव्या वर्षी, या पोरीसमोर!

दुसरी खेप संपल्यावर टिल्डे आत आली. हा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "चादर बदलावी लागेल. माफ कर."

"कोरडी आहे, हात लावून बघा," टिल्डे म्हणाली. "सगळ्यांना तसंच वाटतं. मी सांगितलं होतं, पण तुम्ही गटारात होतात."

त्याने चाचपून पाहिलं. खरंच कोरडी होती. तो हसला. पुढची दहा मिनिटं छताकडे बघत तो मनाशी मोजत राहिला. आता मूत्रपिंडातून निघालं असेल, आता नळीत. आयुष्यभर तो खाली बसून रंगाची वाट बघत आला होता. आज रंग त्याच्याच पोटातून उतरत होता आणि खाली बसलेलं कोणी दुसरंच होतं.

तीन दिवसांनी डॉक्टर विबेकेबाईंनी दोघांना समोर बसवलं आणि संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे तिसऱ्या खेपेचे फोटो." बाईंनी पुढचं बोलायच्या आत क्रेस्टेनचं बोट पडद्यावर गेलं. उजवीकडची वाट पांढरीशुभ्र, वरपासून खालपर्यंत अखंड. डावीकडे मूत्रपिंडातून जिथे नळी निघते, तिथे पांढऱ्यात बोराएवढी काळी जागा.

"इथे रंग गेलेला नाही," तो म्हणाला. "आत काहीतरी आहे."

विबेकेबाईंनी मान डोलावली. "हो. खडा असता तर पहिल्याच फोटोत दिसला असता. आणि औषध दिल्यावर ही गाठ स्वतः थोडी उजळते, म्हणजे रक्ताची गुठळीही नाही. आधी बारीक दुर्बीण घालून तुकडा काढू, तपासू. पण खोटं सांगणार नाही, कॅन्सरच असावा. तसं ठरलं तर डावं मूत्रपिंड नळीसकट काढावं लागेल."

क्रेस्टेनचं बोट पडद्यावरच राहिलं. हजारो नळ त्याने तपासले होते, पण कुठल्याही काळ्या जागेशी त्याचं असं नातं नव्हतं.

"रक्त कधीपासून जातंय?"

"दोन-तीन आठवडे," तो पुटपुटला.

"सात महिने," गुडरून म्हणाली. "खोटं कशाला बोलतोस रे? सात महिने, बाई. मीच घासायचे ना ते सगळं. मीच म्हणत होते बीट आहे म्हणून."

मग तिने पदराआड ठेवावा तसा त्याचा हात कोटाच्या बाहीखाली धरला. चाळीस वर्षांत चारचौघांत तिने असं कधी केलं नव्हतं. "आणि दुसरं? उजवं?"

"उजवं स्वच्छ आहे. मूत्राशयही. बाहेर कुठे पसरल्याचं या फोटोंत तरी दिसत नाही. दुर्बिणीला बुधवार चालेल?"

"बुधवारी हिची चर्चमधल्या बायकांबरोबर कॉफी असते," क्रेस्टेन म्हणाला.

"गप रे," गुडरून म्हणाली. "लिहा बाई, बुधवार."