चावलेल्या कागदाचा गणपती

धोंडिराम परब कांजूरमार्गला पत्र्याच्या शेडमध्ये कागदाच्या लगद्याचे गणपती करतो. हातात कला आहे, पण तोंडाला कुलूप नाही. कुठली गोष्ट पोटात ठेवावी, हे या गृहस्थाला आजवर उमगलेलं नाही.

मुलगी प्रांजल कॉलेजात फ्रेंच शिकते. रोज एखादा नवा शब्द आणून बापाला सांगायची. एकदा रद्दी फाडता फाडता म्हणाली, "बाबा, तुमच्या कामाला पेपर मॅशे म्हणतात ना, तो फ्रेंच शब्द. दोन शब्द जोडलेत. कागद, आणि चावलेला! लगदा चघळल्यासारखा दिसतो म्हणून."

धोंडिराम पोट धरून हसला. "म्हणजे मी जल्मभर चावलेल्या कागदाचे गणपती करतंय गो?"

झालं! अख्ख्या गल्लीला सांगून झालं. मग वाकोल्याहून सुंदराबाई आल्या. सगळे प्लास्टरच्या चकचकीत मूर्तींमागे धावत होते, तेव्हा त्याचा पहिला गणपती याच बाईंनी नेला होता. त्यांनी मूर्तीला हात जोडले, आणि या शहाण्याने नेमकी तेव्हाच ती गोष्ट सांगितली.

"चावलेला? म्हणजे उष्टा?"

"छे हो मावशी! कोण चावतंय? टबात भिजवतो, मिक्सरला लावतो."

"कळतं रे मला. पण नैवेद्य दाखवताना आता तेच मनात येणार. कशाला सांगितलंस?"

बाई रिकाम्या हाताने गेल्या. निदान आता तरी गप्प बसावं! तर हा प्रांजलवरच उखडला. "तुझ्या त्या फ्रेंचान माझो गणपती बाटवल्यान! चुलीत घाल ती पुस्तकां!" शेडमध्ये गिऱ्हाइकं उभी होती. पोरीचा चेहरा एवढासा झाला. हातातला कागद ठेवून ती घरी गेली.

चूक आपलीच, हे त्याला घरी पोचेपर्यंत कळलं होतं. पण पोरीची माफी मागायला जीभ रेटेना. स्वतः उभं राहून तिच्यासाठी घावणे घातले. ती निमूट जेवली. दोन दिवसांनी शेडवर कामालाही आली. पण शब्द सांगणं बंद झालं ते झालंच. धोंडिरामला ते फार लागलं.

परवा एक जोडपं मूर्ती बघायला आलं. "पेपर मॅशे म्हणजे नेमकं काय हो?"

धोंडिरामने आशेने पोरीकडे पाहिलं. "सांग गो तू. तुकाच बरा सांगूक येता."

प्रांजल सोंडेला रंग लावत होती. मान वर न करता म्हणाली, "मला नाही माहीत."