कावून सर

ईरा आणि निहार, तुमच्या नव्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात तुम्हाला गावच्या सभेला नेलं, हे तुम्ही परवा फोनवर कौतुकाने सांगितलंत. मला कौतुक वाटलं नाही. कावून सर आठवले आणि जुना संताप वर आला. म्हणून हे लिहायला बसले.

कावून, म्हणजे का. तुमच्या आईच्या कॉलेजातले हे प्राध्यापक जिथे तिथे हाच शब्द फेकत. शर्ट चुरगळलेला, वेळेचा पत्ता नाही, शिक्षकाला न शोभणारी भाषा. मला हा माणूस कधीच आवडला नाही.

फर्स्ट इयरच्या मुलांना ते वॉर्डाच्या सभेला नेत. प्रत्येकाने उभं राहून एक प्रश्न विचारायचा. हातात कागद दिसला की काढून घेत. "वाचून कोनी भांडते काय?"

तुमची आई तेव्हा पाहुण्यांसमोरही तोंड उघडत नसे. आम्ही सेक्टर दसला राहत होतो, रुआबांधा ही शेजारची वस्ती. तिने नगरसेवकाला विचारलं, "सेक्टर दस में दोनों टाइम पानी, रुआबांधा में एक टाइम, वो भी मटमैला. क्यों?"

नगरसेवक हसला. "बेटी, तुम्हारे घर तो आता है ना?"

"इसीलिए पूछ रही हूँ." ती खाली बसली नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर तुमच्या आजोबांना त्यांच्या साहेबांनी यावरून सगळ्यांदेखत टोमणा मारला. मी तडक कॉलेजात गेले. "माझ्या मुलीला पुढे करून तुम्ही मागे राहता?"

"मागं कुटं, बाई? तिच्या बाजूलेच उभा होतो. तुमी कावून नाही आल्या?"

उद्धट माणूस! मी तशीच परत फिरले.

शेवटी रुआबांध्याला दोन्ही वेळ स्वच्छ पाणी सुरू झालं आणि सरांची थेट बस्तरला बदली झाली. त्यांच्या बाजूने एक शब्द न काढणाऱ्या सहकाऱ्यांनीच निरोपाला हार घातले, गोड भाषणं केली. ज्यांना त्यांनी बोलायला शिकवलं, ती मुलं मान खाली घालून समोसे खात होती. फक्त तुमची आई उठली आणि प्राचार्यांना म्हणाली, "सर की बदली, कावून?" त्यांनी माईक बंद केला. सर मात्र तोंडभर हसले. हे तिने घरी येऊन रडत सांगितलं.

सर तिकडेच वारले. त्यांचं कॉलेज आजही नव्या मुलांना सभेला नेतं. ती मुलं बॅनर धरून फोटो काढतात, नाश्ता करतात आणि निघून जातात. बघून माझं डोकं फिरतं.

रुआबांध्याला पाणी दोन्ही वेळ येतं. सभाही होते. मी जाते, उभी राहते आणि हातात कागद न घेता एक प्रश्न विचारते.