पाण्याला विचारणारे सिद्धप्पामामा

सिद्धप्पामामा कुणाच्याही शेतात गेले की आधी तांब्यातलं पाणी जमिनीवर ओतत. मग उकिडवे बसून ते कुठं वळतं, कुठं थांबतं ते बघत. वळसंगच्या बाजूला कृषी सहायक म्हणून माझी बदली झाली, त्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांना असं बसलेलं पाहिलं. उतार मोजायला आमच्याकडे यंत्र असतं, असं मी सांगितलं.

"तुमचं यंत्र सायबाचं ऐकतंय," मामा म्हणाले. "पाणी कुणाचंच ऐकत न्हाय. म्हणून मी त्यालाच इचारतो."

गावातले निम्मे बांध त्यांच्या सल्ल्याने घातलेले. बदल्यात ते चहा घेत, तोही अर्धा. मेंढरं राखून त्यांनी तीन एकर उताराची जमीन घेतली होती. पंधरा उन्हाळे नवरा-बायकोने टोपल्यांनी माती वाहून तिला बांध घातला. त्या बांधामुळे मुरमावर हातभर माती साठली होती. "ही माती माझी न्हाय, वरच्या धा जणांची हाय," असं म्हणून ते स्वतःच हसत. "वाटंनं चालली हुती, मी बसवून घेतली."

दोन वर्षांपूर्वी बांधाला मधोमध घळ पडली. तोवर मामांचे गुडघे गेले होते. बांधाला सरकारी अनुदान मिळतं असं त्यांनी ऐकलं होतं, म्हणून चावडीपाशी मला गाठलं. मी नियम सांगितला: अनुदान नवीन बांधाला आहे, जुन्याच्या दुरुस्तीला नाही. कामाआधीचा फोटो लागतो, त्यात बांध दिसता कामा नये.

"म्हंजी बांध नसता तर दिलं असतं?"

"दिलं असतं की," मी म्हणाले. मला पुढच्या गावी बैठक होती. स्कूटर चालूच होती.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला, फोटो काढायला या म्हणून. जाऊन बघते तर बांध नव्हता. ट्रॅक्टर लावून त्यांनी तो सपाट केला होता. त्यांची बायको गंगव्वा शेताकडे पाठ करून बाभळीखाली बसली होती. तिची बोली कानडी, मराठी जेमतेम. "ब्याड म्हटलं, ब्याड," एवढंच ती म्हणत राहिली. नको म्हटलं होतं तिने.

"आता बसतंय का तुमच्या नियमात?" मामांनी विचारलं.

बसत होतं. मी फोटो काढला आणि पाठवला. मंजुरी पावसाआधी येईल असंही बोलून गेले. ती आली नाही. मी वरच्या कार्यालयात दोनदा विचारलं. दोनदाच.

उत्तरा नक्षत्रात एका दुपारी दोन तास पाऊस कोसळला. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा ओढ्याचं पाणी काळंभोर होतं आणि मामांच्या शेतात मुरूम उघडा पडला होता. वरच्या दहा जणांची माती पुढच्या वाटेला लागली होती.

दिवाळीनंतर मंजुरी आली. मोजणीच्या साहेबांनी पहार ठोकली, ती चार बोटांवरच खणकन अडकली. मातीची खोली निकषापेक्षा कमी, इथं बांध घालून उपयोग नाही, असा शेरा पडला. शेरा बरोबर होता. त्याखाली माझीही सही आहे.

आता मी कुणालाही नियम सांगताना आधी स्कूटर बंद करते. त्याने एक मूठ माती परत आलेली नाही.

मामा त्याच वर्षी फाल्गुनात वारले. त्याआधी एकदा भेटले, ते त्या मुरमाच्या कडेला तांब्या घेऊन बसलेले. मी म्हटलं, मामा, बघा की पाणी ओतून, काहीतरी वाट निघेल. त्यांनी तांब्या उचलला. मला वाटलं, ओततील. त्यांनी सावकाश सगळं पाणी पिऊन टाकलं आणि तांब्या पालथा ठेवला.

"इचारायला खाली माती लागती, म्याडम," ते म्हणाले.