काकाचं तोंड बाहेरच्या बाजूला

"ताई, तुमी काकाला फ्लेक्सच्या बाहेर बघायला लावलंय," शीतल फोनवर म्हणाली. "काका म्हणायलाय, जो तोंड फिरवून बसलाय त्याला हळदीला कशाला बोलवता."

शीतल म्हणजे नवरी. संध्याकाळी तिची हळद होती. तिच्या लग्नाचा फ्लेक्स सकाळीच पिंगळी स्टेशनच्या वळणावर लागला होता, आणि तो मी केला होता. मी कानाला फोन लावून तशीच उभी राहिले, मग बसले, मग परत उठले. घाबरले की मला एका जागी बसवत नाही.

माझं परभणीत फ्लेक्सचं दुकान आहे. डिझाइन मी करते, मशीन सलीमभाई चालवतात. आर्ट टीचरचा डिप्लोमा केला होता. शाळा काही मिळाली नाही, मग शिकलेली चित्रकला फ्लेक्सवर आली. लोक फ्लेक्स म्हटलं की नाकं मुरडतात. मुरडू देत. रेषा, रंग, तोल, मोकळी जागा, जे कॉलेजात शिकवलं ते सगळं इथंही लागतंच. तिथं चूक झाली की मार्क कमी व्हायचे, इथं माणसं रुसतात.

आता हे कुटुंब कसं, ते सांगते. माणिकराव थोरले, म्हणजे शीतलचे वडील. किसनराव धाकटे, म्हणजे तिचा काका. बांधावरून दोघांचं वाजलं आणि बोलणं बंद झालं, त्याला दोन पावसाळे उलटले होते. शीतल काकाच्या खांद्यावर वाढलेली पोरगी. ती एकटीच काकाच्या दारात जाऊन बसली आणि तो लग्नाला येतो म्हणेपर्यंत उठली नाही. बापाला तिनं एवढंच सांगितलं की फ्लेक्सवर काकाचा फोटो पाहिजे. माणिकराव हो म्हणाले. गावाला दिसेल अशा जागी भावाचा फोटो लावणं ही तशी मोठी गोष्ट होती.

त्या फ्लेक्सचा मला अभिमान होता, हे सांगायला पाहिजे. मधोमध नवरा-नवरी. चित्रात डोळा पहिल्यांदा जिथं जाऊन टेकतो त्याला केंद्रबिंदू म्हणतात. तो जोडीवरच हवा, म्हणून तिथं पिवळा रंग सगळ्यात उजळ ठेवला. डाव्या कडेला माणिकराव, उजव्या कडेला किसनराव, दोघं सारख्याच मापाचे. याला तोल म्हणतात. एका बाजूला वजन पडलं की चित्र कलंडल्यासारखं वाटतं, आणि इथं वजन म्हणजे गर्दपणा आणि आकार. मी दोन्ही बाजूंचं वजन नीट तोलून घेतलं होतं. माणसं कुठं बघतात, हेच तेवढं बघितलं नाही.

किसनरावांचा फोटो अगदी बाजूनं काढलेला होता. एकच गाल, एकच डोळा, आणि नाक बघणाऱ्याच्या उजव्या हाताकडे. असा माणूस उजव्या कडेला लावला की तो चित्राबाहेर बघतो. चित्रातल्या माणसाची नजर ही न काढलेली रेषा असते. बघणाऱ्याचा डोळा त्या रेषेवरून चालत जातो. म्हणून नजरेच्या पुढं मोकळी जागा सोडायची आणि नजर चित्राच्या आत वळवायची, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. मला ते येत नव्हतं असं नाही. पण आमच्याकडे फ्लेक्सवर कोण कुठं बसणार, हे चित्रकार ठरवत नाही. थोरला डावीकडे, कारण आपण वाचतो डावीकडून. धाकटा त्याच्यानंतर. मानाचा क्रम आधी ठरतो, चित्र मागून येतं. मीही सवयीनं क्रमच लावला आणि मोकळी झाले.

वळणावरून जाणाऱ्या कुणीतरी फोटो काढून किसनरावांना पाठवला. खाली लिहिलं, "थोरल्यानं तुमाला पाठ दाखवायला लावली." झालं. काका घरात जाऊन बसला.

मी शीतलला म्हटलं, काकांचा दुसरीकडे बघणारा फोटो पाठव, दुपारपर्यंत नवा फ्लेक्स देते. तिनं होते तेवढे सगळे पाठवले. बैलांबरोबरचा, देवळातला, कुणाच्या बारशातला. सगळ्यांत तोच गाल, तीच बाजू. मला चीड आली. या माणसाला समोरून कुणी बघत नाही का, म्हणून मी मेसेज केला. तिनं उत्तर दिलं, "काका तसाच उभा राहतो." त्यानंतर ती बांगड्या भरायला बसली आणि फोन उचलेना.

मग मी माणिकरावांना फोन केला. म्हटलं, सोपा इलाज आहे, जागा बदलू. काकांना डावीकडे घेते, ते आपोआप पोरीकडे बघतील. तुमचा फोटो समोरून आहे, तुम्ही कुठंही चालता.

"न्हाई," ते म्हणाले. "थोरला मी हाय. पयला फोटो माजाच ऱ्हाईल. उद्या गाव मला इचारंल."

मी समजावलं. डोळा, रेषा, मोकळी जागा, सगळं सांगितलं. त्यांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि परत न्हाई म्हणाले. आपणच येऊन बघतो म्हणाले आणि फोन ठेवला. मी फोन टेबलावर इतक्या जोरात ठेवला की सलीमभाई मशीनमागून डोकावले. लाईट जायच्या आत मॅटर द्या, म्हणाले. त्यांचंही खरं होतं. दुपारी आमच्या गल्लीत लाईटचा नेम नसतो, आणि अर्धा छापलेला फ्लेक्स फेकूनच द्यावा लागतो.

राहिला एकच उपाय. फोटो उलटा करायचा. आरशात दिसतो तसा. याला आम्ही फ्लिप करणं म्हणतो. एक बटण दाबलं की उजवीकडे बघणारा माणूस डावीकडे बघतो. फक्त शर्टाचा खिसा उजव्या छातीवर जातो आणि बटणपट्टी बायकांच्या ब्लाउजसारखी दिसते, म्हणून फोटो गळ्याखाली कापला. किसनराव आता उजव्या कडेवरून सरळ पुतणीकडे बघायला लागले. तोल तोच, क्रम तोच, नजर आत. मी स्वतःवर खूश झाले. डोकं चाललं बाई तुझं, असं मनात म्हणाले आणि सलीमभाईंना मशीन चालू करायला सांगणार, तेवढ्यात माणिकरावांची मोटरसायकल दारात थांबली.

लग्नघरातून उठून आलेला माणूस. अंगावर नवा सदरा, घामानं भिजलेला. मी खुर्ची दिली, त्यांनी ती घेतली नाही. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. म्हटलं, बघा, तुमचा मान तुमच्याकडे आणि काकांचं तोंड पोरीकडे.

ते बघत राहिले. इतका वेळ बघत राहिले की मी पेन उचललं, खाली ठेवलं, परत उचललं.

"ह्यो किसन न्हाई," ते म्हणाले.

मी म्हटलं, फोटो तोच आहे, फक्त उलटा केलाय.

"ह्या बाजूला त्याला डोळा न्हाई, ताई."

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की सगळ्या फोटोंत एकच गाल का. त्यांनी स्क्रीनवर, फोटोतल्या त्या धडधाकट डोळ्यापाशी, बोट टेकवलं.

"ल्हानपनी आमी शेळ्या घिऊन जायचो. बाभळीतून वाट. म्या पुढं, त्यो मागं. आडवी फांदी आली, म्या धरली, पुढं गेलो आन सोडून दिली. मागं बघितलंच न्हाई."

मला वाईट वाटलं, आणि भीतीही वाटली. आणखी थोडा वेळ गेला असता तर तो फ्लेक्स छापून वळणावर गेला असता. ज्या बाजूचा डोळा गेला, त्याच बाजूला छान डोळा बसवून मी त्या माणसाला सगळ्या गावापुढं उभा केला असता. आणि खाली निमंत्रक म्हणून थोरल्या भावाचं नाव.

माणिकरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"त्याला माज्या जागी घ्या," ते म्हणाले.

मी म्हटलं, मग तुम्ही शेवटी जाल.

"जाऊ द्या. मला काय, मी कुनीकडं बी बसतो. मला दोनी डोळे हायत."

मी फोटो सरळ केला आणि डावीकडे घेतला. माणिकराव उजवीकडे आले. त्यांचा पांढरा फेटा मोठा, तो त्या बाजूला फिका पडून चित्र हलकं वाटायला लागलं, म्हणून त्यांच्यामागचा रंग थोडा गर्द केला. काकांना जरा मोठं करू का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "मोटा नगा करू. हाय तेवढाच बरा." इतकं सगळं झालं तरी थोरलेपणा काही सुटला नव्हता. मला हसू आलं, पण मी दाबलं.

लाईट टिकली. शाई वाळेपर्यंत माणिकराव दुकानातच येरझारा घालत होते आणि मीही. दोघं एकमेकांना आडवे येत होतो. सलीमभाईंनी शेवटी चहा मागवला. फ्लेक्सची गुंडाळी मोटरसायकलवर आडवी बांधून ते निघून गेले. किसनरावांना आपण काही बोलणार का, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. शीतलला मात्र मी मेसेज केला, की काका आता तुझ्याकडे बघतोय.

तिचं उत्तर हळद लागल्यावर आलं. उत्तर म्हणजे नुसता एक फोटो. मांडवात हळदीनं माखलेली शीतल, आणि बाजूला दोघं भाऊ. किसनराव नेहमीसारखेच उभे, तोंड बाजूला वळवून. ज्या बाजूला तोंड होतं, तिथंच माणिकराव खेटून उभे. पुस्तकाप्रमाणे नजरेच्या पुढं मोकळी जागा पाहिजे. इथं एवढीशीही नव्हती. फोटो चुकीचाच काढला होता म्हणायचा, पण मी बराच वेळ बघत बसले, आणि त्या दिवसात पहिल्यांदा एका जागी बसले.

तेव्हापासून गिऱ्हाईक फोटो घेऊन आलं की पहिला नंबर कुणाचा, हे मी मागून विचारते. आधी विचारते, यातलं कोण कुणीकडे बघतं. आणि फोटो उलटा करायचं बटण घरच्यांना दाखवल्याशिवाय दाबत नाही.